पिवळ्या चिठ्ठीचा हंगाम

दिवाळी सरते, माहेरवाशिणी आपापल्या घरी परततात, फराळाच्या डब्यात तळाशी चुरा उरतो आणि आमच्याकडची शेतं पांढरी व्हायला लागतात. ताडकळसहून पूर्णेकडे जाताना दोन्ही अंगांना कापूस फुटलेला असतो. मधूनमधून तुरीच्या ओळी, त्यांना पिवळी फुलं. सकाळच्या दवात बोंडं जरा मलूल दिसतात, ऊन चढलं की फुलारतात. आमच्या शाळेतल्या नव्या बाई तर स्कूटी थांबवून फोटो काढतात आणि म्हणतात, "काय सुंदर दिसतंय हो!" मी मान हलवते. मला मात्र या दिवसांत घशाशी आंबट येतं. बरीच वर्षं मी त्याला पित्त म्हणत होते. आता म्हणत नाही.

पित्त नव्हे, हेवा. आणि हेव्याला नाव आहे. वनमाला.

वनमाला माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचं गाव चुडाव्याच्या अलीकडे, घर शेळ्यामेंढ्यावाल्यांचं. तिच्या ओढणीला कायम बाभळीच्या पाल्याचा वास यायचा आणि तिला त्याची लाज वाटायची नाही, हे पहिलं मला खुपलं. मी घरातून निघताना अंगावर पावडर थापून निघायची. बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. अनोळखी म्हातारी चढली तरी दोन थांबे जायच्या आत ती वनमालेला आपल्या सुनेची कहाणी सांगायला लागायची. मी खिडकीशी बसलेली असायची, मला कुणी कधी काही सांगितलं नाही. मी काय माणूस खाते? पण नाही सांगितलं, हे खरं.

बी.ए. झालं आणि दोघींना एकदमच काम लागलं. लांबच्या शहरातली कुठलीशी संशोधन संस्था आमच्या जिल्ह्यात शेळ्या पाळणाऱ्या बायकांचा अभ्यास करणार होती. गावोगाव जाऊन फॉर्म भरायचे. करडांना जंताचं औषध कधी दिलं, गोठ्यात चुना टाकता का, शेळी आजारली तर कुणाला विचारता, असे प्रश्न. वेचणीच्या दिवसांत बाई घरी सापडत नाही, म्हणून आम्ही शेतात जायचो. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड, डोक्यावर टोपी. त्या टोपीचा मला केवढा अभिमान होता, आता हसू येतं.

फॉर्मच्या आधी संमतीपत्र वाचायचं असे. ‘आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेऊ शकता.’ हे मी कापसाच्या पट्ट्यात, दोन ओळींच्या मधे उभी राहून, आवाज काढून वाचायची. समोरची बाई कमरेला कापसाची ओटी बांधून, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेले हात पदराला पुसत ऐकायची.

"कळलं का मावशी? मंजूर आहे का?"

"मंजूर हाय की. उन्हाचं आलाव, पानी प्या आदी."

झाली संमती. आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, एवढाच त्या कागदाचा अर्थ तिच्या लेखी होता. मी अंगठा किंवा सही घ्यायची आणि पाणी प्यायची. यात काही गैर आहे असं तेव्हा मला चुकूनही वाटलं नाही. उलट, एकही बाई नकार देत नाही म्हणून मी स्वतःला कामाची समजत होते.

फॉर्म संपला की पॅडच्या खिशातून एक पिवळी चिठ्ठी काढून वाचायची. तिच्यावर छापलं होतं, ‘तुमच्याच गावातल्या एका बाईच्या शेळ्या तुमच्या शेळ्यांपेक्षा तंदुरुस्त आहेत, कारण ती त्यांची जास्त काळजी घेते.’ ही कुणी एक बाई नव्हतीच. गावातल्या प्रत्येकीला हीच चिठ्ठी वाचून दाखवायची. शेजारणीच्या हेव्यापोटी बाई शेळ्यांकडे जास्त लक्ष देते का, हे त्यांना बघायचं होतं. प्रशिक्षणात सुपरवायझर सरांनी हे आम्हाला समजावून सांगितलं होतं. "खोटं बोलतोय असं मनात आणू नका, हा अभ्यासाचा भाग आहे. शेवटी भलं त्यांच्या शेळ्यांचंच आहे." वनमालेनं हात वर केला होता. "सर, पण त्या मला इचारतील ना, कोण बाई म्हून. मग मी काय सांगू?" सर म्हणाले, "सांगायचं, नाव सांगता येत नाही." सगळे हसले. मीही हसले. खरं तर तो प्रश्न मला सुचायला हवा होता असं मला वाटलं, म्हणून जरा जास्तच हसले.

माझ्याकडे पोखर्णीच्या बाजूची गावं होती, तिच्याकडे चुडाव्याच्या बाजूची. दर शनिवारी परभणीत फॉर्म जमा करायचे. सर एकेकीला आत बोलवायचे. पहिल्याच शनिवारी माझे फॉर्म चाळता चाळता ते म्हणाले, "चांगलंय तुमचं. वनमालाचे मात्र बघण्यासारखे आहेत. बायका किती मोकळं बोलतात तिच्याशी." दुसऱ्या शनिवारी म्हणाले, "तुम्ही मेहनत घेताय, पण वनमालाची हातोटी वेगळी आहे." तिसऱ्या शनिवारी मी आत जाण्याआधीच माझे कान तापले होते.

माझ्यासाठी ही काही बातमी नव्हती, तेच वाईट. सर बोलत होते ते मी बसमध्ये खिडकीशी बसून पाच वर्षं बघितलं होतं. आता त्याच्यावर सही-शिक्का बसला होता. मी सकाळी सहाला निघू लागले. दोन घास कमी खाऊन एक फॉर्म जास्त भरू लागले. बायकांशी गोड बोलू लागले, वनमाला बोलते तसं. "काय वं मावशी, बरं हाय का?" माझ्या तोंडी ते बाहेरून आणल्यासारखं वाजायचं. एका मावशीनं तर विचारलंच, "बाई, तुमी ठीक हाव ना?"

आणि पिवळी चिठ्ठी मी मन लावून वाचू लागले. नुसती वाचत नसे, थांबत असे, हळूच आजूबाजूच्या ओळींकडे नजर टाकत असे, जणू ती भाग्यवान बाई तिथेच कुठेतरी वेचते आहे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःचं पोट दुखत असलं की दुसऱ्याच्या पोटात कुठं बोट ठेवायचं ते बरोबर कळतं.

पोखर्णीच्या अलीकडच्या एका गावात पारूबाई आणि शेवंताबाई अशा दोघी शेजारणी होत्या. दोघींच्या शेळ्या एकत्र चरायच्या. एक दिवस पारूबाई दोघींच्या शेळ्या घेऊन ओढ्याकडे जाणार, त्या दिवशी शेवंताबाई वेचणीला. दुसऱ्या दिवशी उलट. चिठ्ठी वाचून झाल्यावर पारूबाईनं माझ्याकडे रोखून बघितलं.

"शेवंता ना ती?"

"नाव सांगता येत नाही."

"नका सांगू. कळलं मला. औषीद आनलं असंल तिनं, मपल्यापासून चोरून. मपल्या शेळ्या उन्हातान्हात मी चारायलेय, तिच्या बी चारायलेय, आन् ही चोरून औषीद पाजायलीय."

तिकडे शेवंताबाईलाही मी तीच चिठ्ठी वाचली होती. पंधरा दिवसांनी परत गेले तर पाळी मोडली होती. दोघी आपापल्या शेळ्या घेऊन ओढ्याच्या दोन काठांना बसलेल्या. वेचणी दोघींचीही बुडत होती. बोंडं फुटून खाली लोंबत होती, वारं सुटलं की कापूस मातीत पडत होता. माझ्या फॉर्मवर पुढचा प्रश्न होता, ‘शेळ्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ देता का?’ मी बरोबरची खूण केली. त्या शनिवारी सर पहिल्यांदा म्हणाले, "वा! तुमच्या गावात चांगला बदल दिसतोय." बसमध्ये मी तो ‘वा’ घोळवत घरी आले.

तिकडे वनमालेच्या गावांत वेगळंच झालं. हे मला तिनंच सांगितलं, बसस्टँडवर उसाचा रस पिताना, हसून हसून डोळ्यांत पाणी आणत. वेचणीच्या शेतात बायका दुपारी भाकरीला एकत्र बसतात. एकीनं सहज विषय काढला की मला आज म्हणे कुणाच्या तरी शेळ्या माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. दुसरी म्हणाली, मलाबी तेच सांगितलं. तिसरीलाही तेच. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, समद्याच शेळ्या दुसरीपेक्षा बऱ्या? मंग वाईट शेळ्या कुनाच्या, सरपंचाच्या?" सगळं शेत हसलं. त्यांनी वनमालेला बोलावून घेतलं, भाकरीवर ठेचा ठेवून हातात दिला आणि विचारलं.

"मग तू काय सांगितलंस?" मी म्हटलं.

"काय सांगनार? भाकर खायलेय त्यांची. सांगितलं, कागदात लिहिलंय तसं वाचायलेय, अशी कुनी बाई न्हाई. पर औषीद तेवढं येळेवर द्या, ते खरं हाय. दिलं की सगळ्यांनी! दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून मिळून घेऊन आल्या."

मी रसाचा ग्लास ठेवला. मला तिचा राग यायला हवा होता की पारूबाईची आठवण यायला हवी होती, कोण जाणे. मला आठवलं ते एवढंच, की हिचे फॉर्म बघण्यासारखे आहेत. इतकं करूनही हिचेच.

पुढच्या शनिवारी मी आत गेले. सरांनी वनमालेचं नाव काढलं. मी म्हणाले, "सर, ती बायकांना सांगते, चिठ्ठी खोटी आहे म्हणून."

मी आवाज चढवला नव्हता. तक्रार करतेय असा सूरही नव्हता. सहज, कामाची माहिती द्यावी तसं. सरांनी पेन बाजूला ठेवलं. आठवड्याभरात तिला काढलं. तिनं फोन करून मला सांगितलं, "काढलं गं मला. कुनीतरी सांगितलं म्हने. जाऊ दे, तू तर हायस ना, बरं झालं." मी "अरेरे" म्हणाले. खरं सांगायचं तर त्या रात्री मला शांत झोप लागली. सकाळी उठून मनात डोकावलं, कुठं टोचतंय का. नाही टोचलं. म्हटलं, संपलं एकदाचं.

संपलं कुठलं! पुढच्या शनिवारी सर म्हणाले, "तुमचं चांगलंय, पण त्या जिंतूरकडच्या मुलीचे फॉर्म बघा." मी लगेच त्या जिंतूरकडच्या मुलीवर जळायला लागले. तिला मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली. मी शिक्षिका झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली. वनमाला सासरी गेली, तेही चुडाव्याजवळच. तिच्याकडे थोडी जमीन आहे, शेळ्या आहेत. तिला नोकरी लागली नाही. त्या कामाचं प्रमाणपत्र असतं तर पुढच्या सर्व्हेला घेतलं असतं, असं ती एकदा बोलून गेली होती. ती व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवते, करडू मांडीवर घेतलेलं, सासू दात नसलेल्या तोंडानं हसतेय. ते पाच मिनिटांत बघणारी मी असते. माझ्या सासूचा हसतानाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण माझं काय जळतंय ते मला सांगता आलं नसतं.

या वर्षी वेचणी सुरू झाली त्याच आठवड्यात, मधल्या सुट्टीत, फोन आला. त्या संस्थेतून एक मुलगी बोलत होती. आवाज कोवळा, मराठी पुस्तकी. म्हणाली, जुन्या अभ्यासांची तपासणी चालू आहे, नीतिमत्ता समितीनं सांगितलंय की ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना कळवावं.

"माझ्यावर नाही झाला. मी सर्व्हेला होते," मी म्हणाले.

"हो मॅडम. त्यात एक उपप्रयोग होता. फॉर्म भरणाऱ्यांपैकी काही जणींना दर आठवड्याला सांगितलं जायचं की दुसरी कुणीतरी जास्त चांगलं काम करते. त्यानं कामावर काय परिणाम होतो ते बघायचं होतं. ते वाक्य सुपरवायझरना लिहून दिलेलं असायचं."

मी व्हरांड्यात उभी होते. पोरं ग्राउंडवर लंगडी खेळत होती.

"म्हणजे वनमालाचे फॉर्म चांगले नव्हते?"

"ते मला माहीत नाही, मॅडम. ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांनी फॉर्म बघूनच म्हटलं असेल असं नाही." मग ती कागदावरचं वाचू लागली. त्या वेळी आपली संमती घेतली नव्हती याबद्दल संस्था दिलगीर आहे. आपली माहिती अभ्यासात ठेवायला आता आपली संमती आहे का? नसेल तर ती काढून टाकता येईल.

मी म्हणाले, "ठेवा." का म्हणाले? ती बिचारी किती जणींना फोन करत असेल, असं वाटलं म्हणून. मी पट्ट्यात उभी राहून शेकडो बायकांकडून जे ‘मंजूर हाय’ ऐकलं होतं, तेच मी दिलं. फक्त पाणी प्या म्हणाले नाही.

त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं ते आठवत नाही. आधी संताप आला. मला न विचारता माझ्या आत हात घातला, एवढी वर्षं मी जळले ती त्यांच्या एका छापील वाक्यावर. मग जरा बरंही वाटलं. म्हणजे दोष माझा नव्हता! मला पेटवलं त्यांनी, मग सरांकडे जाऊन मी जे बोलले तेही त्यांच्याच खात्यात. दोन दिवस मी या विचारावर काढले. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, असं स्वतःला सांगून झालं. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना पारूबाई आठवली. तिला मी चिठ्ठी वाचली, ती त्यांची. पण थांबून आजूबाजूच्या ओळींकडे बघितलं, ते कुणी लिहून दिलं होतं? आणि ‘सर, ती बायकांना सांगते’ हे वाक्य कुठल्या चिठ्ठीवर होतं? खोटं त्यांचं होतं, मान्य. चुगली माझीच होती.

रविवारी मी स्कूटी काढून वनमालेच्या शेतावर गेले. ती वेचत होती, डोक्याला रुमाल बांधलेला. मला बघून तिथूनच ओरडली, "आगं, तू कशी काय! पाय कुनीकडं वळले!" ओटी सोडून ढिगावर रिकामी केली आणि बांधावरच्या कडुलिंबाखाली मला बसवलं. तिच्या केसांत कापसाचं पान अडकलं होतं. ती जाडजूड झाली आहे, उन्हानं काळवंडली आहे, आणि सुंदर दिसते. सांगून टाकते, दिसते.

"तुला फोन आला होता का?" मी विचारलं.

"आल्ता की! मला तर लय हसू आलं." मग हसता हसता थांबली. "तुला म्हाईत हाय का, मला काय सांगायचे ते दर शनिवारी? तुपलं नाव. तुपले फॉर्म लय भारी, तुपल्यासारखं कुनाचं न्हाई."



"मग? तुला काही वाटायचं नाही?"

"वाटायचं की. लय बरं वाटायचं! मी घरी येऊन माईला सांगायची, मपली मैत्रीन पैली आली बग. शेतात बायांनाबी सांगायची. म्हनायची, मी काय, मी अशीच हाय, पर ती बगा, ती एक दिवस मोठी बाई हुनार." तिनं भाकरीचं फडकं सोडलं. "त्या पोरीनं सांगितलं, ते समदं लिहून दिल्यालं हुतं, तवा मला वंगाळ वाटलं. म्हटलं, हे कामून सांगायलेत आता? खोटं हुतं तर हुतं. मपलं काय बिघडलं हुतं त्यानं? मी तिला सांगितलं, माझं नाव काढून टाका तुमच्या कागदातून."

एकच वाक्य दोघींना दिलं होतं. त्याच शनिवारी, त्याच खोलीत, त्याच माणसानं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच फडक्यावर ठेवला.

"वना," मी म्हणाले, "त्या वेळी सरांना तुझं कुणी सांगितलं..."

तिनं ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "थांब."

"नाही, मला सांगू दे. मी त्यासाठीच आले."

"तुला कायतरी सांगायचंय ते कळायलंय मला. पर मला एक सांग. मला कळायला पायजे म्हून सांगायलीस, का तुला हलकं व्हायचंय?"

मी ठेच्याची वाटी उगाच फिरवली. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, ती बसमधल्या म्हातारीकडे बघायची तसं.

"मंग नको सांगू. मला ऐकायचं न्हाई. एवढ्या वर्सांत मला इचारून कुनी काय सांगितलं न्हाई, तू इचारायलीस, तर मी न्हाई म्हनते. ऐकलं की मला तुपल्याकडं बघताना ते दिसंल. मला ते नको. ठेचा खा, आज तिखट झालाय जरा."

मी ठेचा खाल्ला. तिखटच होता. तिला कळलंय की नाही, हे मी तिला विचारू शकत नाही, आणि आता माफीही मागू शकत नाही. थोड्या वेळानं ती उठली, कमरेला ओटी बांधली, आणि करडांना हाळी देत ओळीत शिरली. मी बांधावर बसून तिच्या पाठीकडे बघत होते. एवढ्या वर्षांत तिचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता.